एका दारामागचे दोघे : हार्वर्डची वसतिगृहे, क्लब आणि कामापुरती मैत्री

१९१४ साली हार्वर्ड विद्यापीठाने पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी चार्ल्स नदीच्या काठी बांधलेली नवी वसतिगृहे उघडली. श्रीमंत घरातला मुलगा आणि काटकसरीने शिकायला आलेला मुलगा एकाच छपराखाली राहू लागले, की त्यांची मैत्री जुळेल आणि वर्गावर्गांतली भिंत हळूहळू खचेल, अशी त्यामागची अपेक्षा होती. ती कितपत पुरी झाली हे तपासता येईल इतक्या नोंदी आज उपलब्ध आहेत, आणि म्हणूनच हे प्रकरण मला महत्त्वाचे वाटते. नामांकित विद्यापीठांतली मैत्री मतलबी असते ही तक्रार जुनी आहे, आणि तिचा दोष आपण बहुधा विद्यार्थ्यांच्या स्वभावावर टाकून मोकळे होतो. हार्वर्डचा शंभर वर्षांचा अनुभव मात्र वेगळ्याच जागी बोट ठेवतो.

मूळ प्रश्न कसा तयार झाला हे आधी पाहू. चार्ल्स एलियट हे १८६९ ते १९०९ अशी चाळीस वर्षे हार्वर्डचे अध्यक्ष होते, आणि विद्यार्थ्यांनी कुठे व कसे राहावे यात विद्यापीठाने फारसे लक्ष घालण्याची गरज त्यांना वाटत नव्हती. विद्यार्थिसंख्या वाढत गेली, तशी माउंट ऑबर्न रस्त्यावर खासगी मालकांनी आलिशान वसतिगृहे उभारली. १८९३ मध्ये बांधलेला क्लॅव्हर्ली हॉल त्यांपैकीच एक. ऐसपैस खोल्या, गरम हवेची सोय, स्वतंत्र न्हाणीघरे असा तिथला थाट होता, आणि त्या भागाला लोक ‘गोल्ड कोस्ट’ म्हणू लागले. ज्यांना ते भाडे परवडत नसे, ते विद्यापीठाच्या आवारातल्या जुन्या, गैरसोयीच्या इमारतींत राहत. त्याहून खालच्या पायरीवर बोस्टन परिसरातून रोज ये-जा करणारी मुले होती, ज्यांत ज्यू, आयरिश आणि इटालियन स्थलांतरितांच्या घरांतली बरीच मुले असत. पुढच्या काळात या मुलांना ‘मीटबॉल’ असे हेटाळणीचे नाव पडले. १९३८ साली हार्वर्डमधून पदवीधर झालेले पत्रकार थिओडोर व्हाइट अशाच मुलांपैकी एक होते आणि त्यांनी स्वतःची गणना त्याच गटात केली आहे. वर्ग एक, प्राध्यापक एक, पण राहण्याची जागा आणि जेवणाची पंगत वेगळी, अशी ही रचना होती. आपल्याकडच्या वाचकाला ती समजायला ‘पंक्तिभेद’ हा एकच शब्द पुरेसा आहे.

१९०९ मध्ये अध्यक्ष झालेल्या अ‍ॅबट लॉरेन्स लॉवेल यांना हा पंक्तिभेद खुपत होता. ते स्वतः बोस्टनच्या अत्यंत प्रतिष्ठित गिरणीमालक घराण्यातले. ग्रॉटन, सेंट मार्क्स, सेंट पॉल्स अशा महागड्या निवासी शाळांतली मुले टोळीने येतात, टोळीनेच राहतात आणि चार वर्षांनी टोळीनेच बाहेर पडतात, हे त्यांना दिसत होते. नव्या वसतिगृहांमुळे पहिले वर्ष तरी सर्वांनी एकत्र काढावे, असा त्यांचा आग्रह होता. पुढे एडवर्ड हार्कनेस या धनिकाच्या देणगीतून १९३० मध्ये डन्स्टर आणि लॉवेल ही पहिली दोन ‘हाउस’ सुरू झाली आणि वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांसाठीही निवास, भोजनगृह आणि ग्रंथालय एकत्र असलेली व्यवस्था आकाराला आली.

परंतु लॉवेल यांच्या ‘सर्वांनी एकत्र’ या कल्पनेत सर्व जण नव्हते, हे स्पष्टपणे नोंदवले पाहिजे. याच लॉवेल यांनी १९२२ मध्ये ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घालण्याचा प्रस्ताव मांडला, आणि पहिल्या वर्षाच्या त्याच वसतिगृहांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना राहू देण्यास नकार दिला. तो नकार विद्यापीठाच्या नियामक मंडळाला १९२३ मध्ये रद्द करावा लागला. शिवाय खोल्यांची भाडी एकसारखी नव्हती. एकाच वसतिगृहात स्वस्त जिनाही होता आणि महाग जिनाही. एकत्र आणण्याचे काम असे अर्धवट झाले, आणि त्या अर्धवटपणाचे परिणाम पुढे दिसतात. तरीही मी लॉवेल यांचा प्रयत्न दिखाऊ होता असे म्हणणार नाही, कारण विद्यापीठाने मुलांच्या राहण्याची जबाबदारी घेणे हीच त्या काळात मोठी गोष्ट होती.

आता क्लबांकडे वळू, कारण या प्रकरणाचे मर्म तिथे आहे. हार्वर्डच्या पदवी विद्यार्थ्यांमध्ये ‘फायनल क्लब’ नावाच्या खासगी मंडळ्या आहेत. त्यांतला पोर्सेलियन हा अठराव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला, आणि ए. डी., फ्लाय, स्पी, आउल, फॉक्स, डेल्फिक, फीनिक्स ही इतर नावे. प्रत्येकाची स्वतःची इमारत, स्वतःचा आचारी, स्वतःचा निधी आणि जुन्या सभासदांची लांबलचक यादी. थिओडोर रूझवेल्ट पोर्सेलियनचे सभासद होते. त्यांचे दूरचे नातलग फ्रँकलिन रूझवेल्ट यांना त्याच क्लबाने घेतले नाही, ते फ्लायमध्ये गेले, आणि पुढे राष्ट्राध्यक्षपदावर पोहोचलेल्या या माणसाच्या मनात तो नकार अनेक वर्षे सलत राहिला. बोस्टनच्या आयरिश कॅथलिक घरातले जोसेफ केनेडी १९१२ मध्ये पदवीधर झाले तेव्हा त्यांना वरच्या क्लबांत जागा मिळाली नव्हती. त्यांचा मुलगा जॉन एका पिढीनंतर स्पी क्लबात गेला. मधल्या काळात केनेडी घराण्याची संपत्ती अनेक पटींनी वाढली होती.

या क्लबांत प्रवेशासाठी अर्ज करता येत नाही. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला ‘पंच’ नावाचा हंगाम सुरू होतो. निवडलेल्या विद्यार्थ्यांच्या खोलीच्या दाराखालून निमंत्रणाचा लिफाफा सरकवला जातो. मग मद्यपानाची मैफल, गावाबाहेरची सहल आणि औपचारिक भोजन अशा फेऱ्या होतात, प्रत्येक फेरीनंतर काही नावे गळतात, आणि शेवटी सभासद मतदान करतात. या काळात उमेदवाराची परीक्षा घेणारा कोणताही प्रश्न विचारला जात नाही, आणि तरीही प्रत्येक क्षणी परीक्षा चालू असते. कोणत्या शाळेतून आलास, उन्हाळ्यात कुठे असतोस, कोणाला ओळखतोस, कपडे अंगावर किती सहज बसतात आणि बोलताना किती अवघडतोस, हे सारे गप्पांच्या ओघात पाहिले जाते. दुपारी ग्रंथालयात किंवा भोजनगृहात पगारी काम करणाऱ्या मुलाला सहलीला जायला वेळ नसतो. ज्याला जायला मिळते, त्याला सभासद झाल्यावर वर्गणीचा खर्च परवडावा लागतो. दारावर ‘गरिबांना मज्जाव’ अशी पाटी लावण्याची गरजच उरत नाही.

मग तिथे देवाणघेवाण कशाची होते? उघडपणे कशाचीच नाही. दुपारचे जेवण, पत्ते, बिलियर्ड, रात्री उशिरापर्यंतच्या गप्पा. परंतु एखाद्याच्या वडिलांची बँक असते, दुसऱ्याच्या काकांचे वकिली कार्यालय असते, आणि वार्षिक भोजनाला आलेला जुना सभासद नव्याला नावाने ओळखू लागतो. आपल्याकडे लग्नात आलेला आहेर वहीत लिहून ठेवतात आणि वेळ आली की तेवढ्याच तोलाचा परत करतात. क्लबातल्या आहेराची वही कुणी ठेवत नाही, पण हिशेब सर्वांच्या लक्षात राहतो, आणि परतफेड वीस वर्षांनी, एखाद्या नेमणुकीच्या वेळी, झाली तरी चालते. वही नसल्यामुळेच हा व्यवहार मैत्रीसारखा दिसतो, आणि त्यातल्या अनेकांच्या बाबतीत तो खरोखर मैत्रीही असतो. माझ्या मते हीच या विषयातली सर्वांत अवघड गोष्ट आहे. क्लबातल्या दोन तरुणांचे एकमेकांवरील प्रेम खोटे नसते. प्रश्न असा, की त्या प्रेमाला ज्या संधी जोडलेल्या असतात त्या तिसऱ्या, बाहेर उभ्या असलेल्या मुलाला कोणत्याही गुणवत्तेने मिळवता येत नाहीत.

हा केवळ आरोप नाही, हे वॅलेरी मिशेलमन, जोसेफ प्राइस आणि सेथ झिमरमन या अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासाने दाखवून दिले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासासाठी त्यांनी १९२० आणि १९३० च्या दशकांतील हार्वर्डच्या विद्यार्थ्यांच्या निवासाच्या, गुणांच्या आणि क्लबांच्या नोंदी घेतल्या आणि त्या जनगणनेच्या नोंदींशी जुळवल्या. १९४० च्या अमेरिकी जनगणनेत प्रथमच पगाराचा प्रश्न विचारला गेला होता, त्यामुळे विद्यार्थिदशेतली संगत आणि नंतरची कमाई यांची सांगड घालता आली. नामांकित खासगी शाळांतून आलेली मुले अभ्यासात इतरांपेक्षा मागे होती, पण क्लबांत जास्त संख्येने होती आणि पुढे कमावतही जास्त होती. निवडक क्लबांच्या सभासदांची कमाई इतर विद्यार्थ्यांपेक्षा सुमारे ३२ टक्क्यांनी अधिक होती, आणि शाळा व कुटुंब यांतला फरक वजा करूनही हा फायदा शिल्लक राहत होता. अभ्यासातले यश मात्र पुढच्या कमाईचा अंदाज देत नव्हते. बरे गुण मिळवणे जवळपास अप्रतिष्ठेचे मानून ‘सी’ श्रेणीवर समाधान मानण्याची त्या काळच्या श्रीमंत मुलांची रीत प्रसिद्ध आहे. ‘जंटलमन्स सी’ हा शब्दप्रयोग त्यातूनच आला. या आकड्यांच्या उजेडात ती रीत आळसाची वाटत नाही. त्या मुलांना गुणांची गरज नव्हती, एवढाच तिचा अर्थ होतो.

या अभ्यासाचा दुसरा भाग लॉवेल यांच्या प्रयोगाशी थेट भिडतो. एकाच भाड्याच्या खोल्यांमध्ये कोणाच्या वाट्याला कोणता शेजार येईल हे बऱ्याच अंशी योगायोगावर होते, म्हणून उच्च सामाजिक स्थानाच्या मुलांशेजारी राहिल्याचा परिणाम मोजता आला. अशा शेजाराने निवडक क्लबांतला प्रवेश वाढला, ही लॉवेल यांच्या बाजूची गोष्ट झाली. पण तो सगळा वाढावा खासगी शाळांतून आलेल्या मुलांच्याच वाट्याला गेला. सरकारी शाळेतला मुलगा त्याच जिन्यावर, त्याच शेजाऱ्यांमध्ये राहूनही क्लबाच्या जवळ सरकला नाही. ज्याला ती रीतभात आधीच अवगत होती, त्याला चांगल्या शेजाराचा उपयोग झाला. ज्याला नव्हती, त्याच्यासाठी शेजार हा शेजारच राहिला. भिंत पाडण्यासाठी उभारलेल्या व्यवस्थेने भिंतीच्या आतल्यांनाच एकमेकांच्या अधिक जवळ आणले.

याच वर्षांत हार्वर्डमध्ये एक मराठी विद्यार्थीही होता, हे आपल्या वाचकांनी लक्षात ठेवावे. गोव्याचे धर्मानंद कोसंबी ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी हार्वर्डला गेले होते, आणि त्यांचे पुत्र दामोदर, हार्वर्ड ज्या अमेरिकेतल्या केंब्रिज शहरात आहे तिथल्याच शाळेत शिकून, हार्वर्डमध्ये दाखल झाले. १९२९ मध्ये ते सर्वोच्च सन्मानासह पदवीधर झाले. त्यांची पुढची वाट भारताकडे वळली, त्यामुळे अमेरिकी पगारांच्या या मोजमापात त्यांना बसवणे योग्य होणार नाही. परंतु ज्या गुणांचा आपल्याला रास्त अभिमान वाटतो, तशा गुणांना त्यांच्याच काळातल्या त्याच आवारात बाजारभाव किती कमी होता, हे या अभ्यासावरून कळते, आणि ते वाचताना मन अस्वस्थ होते.

इथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. मैत्रीत पैसा आला, मदत आली, ओळख आली की ती मैत्री व्यवहारी झाली, असे मी मानत नाही. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथल्या लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याशी त्यांची मैत्री झाली आणि ती आयुष्यभर टिकली. १९२० मध्ये अपुरे राहिलेले शिक्षण पूर्ण करण्यासाठी बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा त्यांच्याजवळ स्वतःची बचत, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी दिलेले १५०० रुपये आणि भथेनांकडून उसने घेतलेले ५००० रुपये होते. त्या काळात ५००० रुपये ही फार मोठी रक्कम होती. वसतिगृहात जुळलेल्या मैत्रीने एका माणसाच्या शिक्षणाला असा हातभार लावला, आणि त्यात कमीपणा वाटावा असे काहीही नाही. क्लबातल्या मैत्रीहून ही मैत्री वेगळी ठरते ती पैसे देण्या-घेण्याच्या बाबतीत नव्हे. भथेनांच्या मदतीने दुसऱ्या कोणाची जागा अडली नाही, आणि ती मिळण्यासाठी बाबासाहेबांना आपण कोण आहोत हे लपवून कोणाच्या पसंतीस उतरावे लागले नाही.

हार्वर्डकडे परत येऊ. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विद्यापीठ बदलले. १९८४ मध्ये स्त्रियांना प्रवेश देण्यास तयार नसलेल्या क्लबांनी विद्यापीठाशी असलेला औपचारिक संबंध तोडला, आणि त्यामुळे विद्यापीठाला त्यांच्यावर काही चालवण्याचा मार्गच उरला नाही. दुसरीकडे, विद्यार्थी आपापल्या पसंतीने हाउस निवडत असल्यामुळे प्रत्येक हाउसचा एक ठरावीक तोंडवळा झाला होता. एलियट हाउस म्हणजे खानदानी मुलांचे, किर्कलँड म्हणजे खेळाडूंचे, अशी ओळख पक्की झाली होती. १९९६ पासून हाउस सोडतीने देण्यास सुरुवात झाली. लॉवेल यांचे स्वप्न आता पूर्ण होईल असे अनेकांना वाटले असावे. परंतु सोडतीत एकट्याने उतरावे लागत नाही. पहिल्या वर्षाच्या अखेरीस मित्रांचा एक गट करायचा, आणि त्या गटाला मिळून एक हाउस लागते. सध्या हा गट जास्तीत जास्त आठ जणांचा असतो. याला विद्यार्थी ‘ब्लॉकिंग’ म्हणतात. वसंत ऋतूतले ते काही आठवडे फार कठीण जातात, कारण अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांना आपले मित्र मोजून आठच्या आत बसवावे लागतात, आणि नवव्याला तसे सांगावे लागते. म्हणजे हाउस कोणते हे योगायोगाने ठरते, पण हाउसमध्ये ज्यांच्यासोबत राहायचे ती माणसे निवडीनेच ठरतात.

पैशाच्या बाबतीत विद्यापीठाने मनापासून पावले उचलली, हे मान्य केले पाहिजे. २००४ मध्ये वार्षिक ४०,००० डॉलरपेक्षा कमी उत्पन्नाच्या कुटुंबांकडून काहीही न घेण्याचे धोरण सुरू झाले, आणि ती मर्यादा वाढत वाढत २०२५ मध्ये १,००,००० डॉलरपर्यंत गेली. तरीही अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये मांडलेल्या आकड्यांनुसार हार्वर्डचे सुमारे दोन तृतीयांश विद्यार्थी उत्पन्नाच्या सर्वांत वरच्या पाचव्या हिश्शातून येत होते, आणि सर्वांत खालच्या पाचव्या हिश्शातून पाच टक्केही येत नव्हते. आत आलेल्या गरीब मुलाची फी माफ झाली, पण खर्चायला पैसे लागतच होते. अनेक दशके ‘डॉर्म क्रू’ या नावाखाली विद्यार्थीच वेतन घेऊन दुसऱ्या विद्यार्थ्यांची न्हाणीघरे स्वच्छ करत. कष्टाला मी कमी लेखत नाही. वार लावून जेवून आणि माधुकरी मागून शिकलेल्या पिढीचा आपल्याकडे आदराने उल्लेख होतो, आणि तो योग्यच आहे. पण वार लावून जेवणाऱ्या मुलालाही यजमानाच्या घरात आपली जागा कुठे आहे हे रोज कळत असे. सकाळी ज्याचे न्हाणीघर घासले, त्याच्याच शेजारी संध्याकाळी बरोबरीच्या नात्याने बसायचे, यासाठी दोघांच्याही मनाची केवढी तयारी लागत असेल!

चेट्टी यांच्याच गटाने २०२२ मध्ये फेसबुकवरील ७ कोटींहून अधिक अमेरिकी प्रौढांच्या मैत्रीचे जाळे तपासले. गरीब आणि श्रीमंत यांच्यातली मैत्री कमी का, याची दोन कारणे त्यांनी वेगळी केली : दोघांची गाठच न पडणे, आणि गाठ पडूनही मैत्री न होणे. दोन्हींचा वाटा जवळपास निम्मा-निम्मा निघाला. लॉवेल यांनी, आणि १९९६ च्या सोडतीने, पहिल्या निम्म्यावर उपाय केला. दुसरा निम्मा तसाच राहिला.

दुसऱ्या निम्म्याला हात घालण्याचा एक प्रयत्न २०१६ मध्ये झाला, पण तो वेगळ्या दारातून. अध्यक्ष ड्र्यू फाउस्ट आणि पदवी महाविद्यालयाचे भारतीय वंशाचे अधिष्ठाता राकेश खुराना यांनी जाहीर केले, की २०१७ पासून दाखल होणारे जे विद्यार्थी केवळ पुरुषांच्या किंवा केवळ स्त्रियांच्या खासगी मंडळ्यांत जातील, त्यांना विद्यार्थी संघटनांची पदे, क्रीडासंघांचे कर्णधारपद आणि र्‍होड्ससारख्या शिष्यवृत्त्यांसाठी महाविद्यालयाची शिफारस मिळणार नाही. रोख लिंगभेदावर होता आणि तो रास्त होता, परंतु नियमाची भाषाही लिंगभेदापुरतीच राहिली. एखाद्या क्लबाने मुलींना घेतले की त्याची सुटका होत असे, मग त्या मुलींची निवड त्याच शाळांतून आणि त्याच घरांतून झाली तरी हरकत नव्हती. नियमाविरुद्ध दावे दाखल झाले. जून २०२० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रोजगारातील लिंगभेदाविषयीच्या बॉस्टॉक खटल्यात दिलेल्या निकालानंतर हा नियम न्यायालयात टिकणार नाही, असे म्हणून तत्कालीन अध्यक्ष लॉरेन्स बॅको यांनी तो मागे घेतला. वर्ग हा मुद्दा त्या चार वर्षांत कोणत्याही नियमाच्या मजकुरात आला नाही.

माझ्या दृष्टीने विद्यापीठाला करता येण्यासारखे काम क्लबांवर बंदी घालण्यापेक्षा निराळे आहे. ज्या वाटा क्लबांतून जातात त्याच वाटा उघड्यावर आणाव्या लागतील : माजी विद्यार्थ्यांच्या ओळखी, उन्हाळ्यातले काम, वित्तसंस्थांच्या भेटी, यांचा ताबा विद्यापीठाने स्वतःकडे घ्यावा, आणि त्यांसाठी अर्ज करता यावा. अर्जाला नकार मिळाला तर कारण विचारता येते. लिफाफा आला नाही, तर विचारायचे कोणाला हेसुद्धा कळत नाही.

माउंट ऑबर्न रस्त्याच्या आसपास क्लबांच्या विटांच्या इमारती अजून उभ्या आहेत आणि पंचचा हंगाम दर शरद ऋतूत येतो. हाउसमधल्या एखाद्या खोलीत एकत्र राहणारे दोघे सकाळी उठतात, तेव्हा दाराच्या फटीतून आत सरकवलेला जाड कागदाचा लिफाफा जमिनीवर पडलेला असतो. दार दोघांचे आहे. लिफाफ्यावर नाव एकाचेच असते, आणि दुसरा तो उचलून त्याच्या टेबलावर ठेवतो.